गुठळी विरघळविणारें औषध : गुण आणि धोका

खेळतांना गुडघा फुटला, तर थोड्या वेळांत रक्त आपोआप थांबतें, हें प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. जखमेच्या तोंडाशीं रक्ताची गुठळी होऊन ती वाहती वाट बंद करते. परंतु हीच गुठळी हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिनींत झाली, म्हणजे हृदयविकाराचा झटका अथवा पक्षाघात होतो.

अशी गुठळी विरघळविणाऱ्या द्रव्याचा शोध अमेरिकेंतील डॉ. विल्यम टिलेट यांनीं १९३३ सालीं लावला. पुढें त्यास स्ट्रेप्टोकायनेज हें नांव मिळालें. त्याच कार्याचें टेनेक्टेप्लेज हें नवें औषध पुण्यांतहि तयार होतें. मंगरूळपीरसारख्या तालुक्याच्या गांवाहून मोठ्या शहरांतील इस्पितळ गांठेपर्यंत हृदयरोग्याची मोलाची वेळ निघून जाते; तेव्हां शिरेंतून देतां येणारें हें औषध मोठा आधार होतें.

तथापि या औषधास डोळे नाहींत. घातक गुठळी कोणती आणि जखम बुजविणारी कोणती, हें त्यास कळत नाहीं. म्हणून कधीं हिरड्यांतून किंवा सुई टोंचलेल्या जागेंतून रक्त वाहतें, कधीं पोटांत रक्तस्राव होऊन शौचास काळें होतें. स्ट्रेप्टोकायनेजनें रक्तदाब उतरणें, ताप येणें, अंगावर पित्त उठणें हेहि प्रकार होतात. सर्वांत भयंकर तो मेंदूंतील रक्तस्राव. पक्षाघातावरील अशाच एका औषधाच्या १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन प्रयोगांत औषध घेतलेल्या शंभरांपैकीं सुमारें सहा रुग्णांस तो झाला; न घेतलेल्यांत शंभरीं एकासहि पुरता झाला नाहीं. तरीहि तीन महिन्यांनीं पाहतां, औषध घेतलेल्यांतच बरे झालेले रुग्ण अधिक आढळले.

यास्तव डॉक्टर आधीं विचारतात : पूर्वीं मेंदूंत रक्तस्राव झाला होता काय? नुकतीच शस्त्रक्रिया झाली काय? डोक्यास मार लागला काय? रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे काय? घाबरलेलीं घरचीं माणसें ‘कांहीं नाहीं’ म्हणतात, आणि आजोबा पंधरा दिवसांपूर्वीं ओट्यावरून डोक्यावर पडले होते, हें सांगावयाचें राहून जातें. एवढ्या विस्मरणानें प्राणावर बेतूं शकतें.

विद्यार्थिमित्रांनो, घरांतील वडीलधाऱ्यांचे आजार, शस्त्रक्रिया व चालू औषधें एका कागदावर लिहून ठेवा. दुखणें किती वाजतां सुरू झालें, हेंहि टिपा. कारण पक्षाघातांत हें औषध सामान्यतः साडेचार तासांच्या आंतच देतात, आणि तेंहि मेंदूचें छायाचित्र पाहूनच. औषध दिल्यावर रुग्णाचें डोकें फार दुखूं लागलें, उलटी झाली किंवा ग्लानि आली, तर तत्क्षणीं परिचारिकेस सांगा. औषध डॉक्टर देतील. परंतु खरी हकीकत घरच्यांनींच दिली पाहिजे.