साखर गावातली निवृत्ती



अलिबागेहून रेवदंड्याच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर आक्षी लागते. शके ९३४ चा जुना मराठी शिलालेख सापडला तेच हे गाव. त्याला लागून, खाडीच्या तोंडाशी, कोळ्यांची एक वस्ती आहे. तिचे नाव साखर. आपण साखर कारखान्याचे सभासद, त्यामुळे नाव ऐकूनच मला हसू आले. तिथे उसाचे कांडे औषधालासुद्धा मिळणार नाही. नारळ, सुपारी, भातखाचरे आणि समोर दर्या. पण या साखर गावात मला एक गोष्ट दिसली, ती आपल्या ऊसपट्ट्याला फार जवळची वाटली. म्हणून हा लेखनप्रपंच.

झाले असे की, गळीत हंगाम आटोपला, खोडव्याला पहिले पाणी दिले आणि मे महिन्यात चार दिवस धाकट्या बहिणीकडे गेलो. तिला अलिबाग तालुक्यात दिली आहे. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आमचे दाजी किनारपट्टीवरच्या एका मोठ्या कारखान्यात होते. त्यांनी एकावन्नाव्या वर्षीच स्वेच्छानिवृत्ती घेतली. बहिणीच्या नोकरीची अजून बरीच वर्षे बाकी आहेत.

दाजींचा आराम

दाजींचे पहिले सहा महिने फार मजेत गेले. सकाळी समुद्रावर फेरी, मग वर्तमानपत्र, मग वाडीत नारळांना पाणी. पाहुणेरावळे म्हणत, "सुटलात बुवा पाळीतून!" खरेच आहे. ज्याने पंचवीस वर्षे रात्रपाळी काढली त्याला विसावा नको असे कोण म्हणेल?

पण मी चार दिवस घरात राहिलो तेव्हा मला दुसरी बाजू दिसली. बहीण पाचला उठते. पाणी, चहा, भाकरी, दोन भाज्या. दाजींचे जेवण झाकून ठेवून शाळेला पळते. मे महिन्याची सुट्टी असली तरी कसल्या ना कसल्या सरकारी कामाचे कागद तिच्या मागे असतातच. संध्याकाळी आली की पदर खोचून परत चुलीपाशी. दाजी माणूस सज्जन. पण "आमटीला मीठ कमी झालंय" यापलीकडे स्वयंपाकघरात त्यांचा वावर नव्हता.

तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "दादा, ते दमले म्हणून घरी बसले. मी कधी दमायचं, ते मला कुणी विचारलंच नाही."

मी विचारले, "अगं, पण राजीनामा देताना तुम्ही दोघांनी ठरवलं असेल ना?"

ती म्हणाली, "सही करून आले नि मग सांगितलं. पेढे घेऊनच आले."

यावर मी काय बोलणार? मला आठवले, गेल्या साली मीही घरात न विचारता विहिरीचे कर्ज काढले होते.

हिशेब आधी, पेढे मागून

दाजींचा एक हिशेब चुकला. तो आपल्या सभासदांच्या घरातही चुकू शकतो, कारण आपली कितीतरी पोरे कारखान्यांत आणि औद्योगिक वसाहतींत कामाला आहेत. भविष्यनिर्वाह निधीसोबत जे मासिक निवृत्तिवेतन मिळते ते १९९५ च्या योजनेप्रमाणे. पूर्ण निवृत्तिवेतन अठ्ठावन्नाव्या वर्षी. किमान १० वर्षे सेवा झालेल्या माणसाला ते पन्नाशीनंतर आधीही उचलता येते. पण अठ्ठावन्नला जितकी वर्षे कमी, तितक्या दर वर्षामागे ४ टक्के कपात होते आणि ती कपात जन्माची. पुढे वय वाढले म्हणून भरून निघत नाही.

२०१४ साली पगाराची जी १५,००० रुपयांची मर्यादा ठरली, ती धरून ढोबळ मांडणी करू. पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि ७० ने भागायचे. पंचवीस वर्षे सेवा असेल तर महिना साडेपाच हजारांच्या आतच रक्कम येते. तीच एकावन्नाव्या वर्षी उचलली तर चार हजारांच्या आसपास. म्हणजे एकरकमी आलेला पैसा कितीही मोठा दिसो, महिन्याचा किराणा बायकोच्या पगारावरच येतो. दाजींच्या घरी तेच झाले. त्यांनी विसावा घेतला तेव्हाच बहिणीचा विसावा लांबला. या गोष्टीची नोंद कुठल्याच कागदावर नव्हती.

दाजी काही एकटे नाहीत. रायगड जिल्ह्यात १९८० नंतर थळचा खत कारखाना आला, नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प आला, १९८९ साली उरणजवळ न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. शेतकऱ्याची आणि आगऱ्या-कोळ्याची पोरे पाळीवर जाऊ लागली. पुढे आतल्या बाजूला, पाताळगंगेकाठच्या रसायनीचा सरकारी रसायन कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्राने २०१७ साली घेतला, तेव्हाही कामगारांपुढे स्वेच्छानिवृत्तीचाच कागद आला. नाव 'स्वेच्छा', पण इच्छा कधी कामगाराची असते, कधी कारखान्याची. घरातल्या बाईची इच्छा मात्र त्या अर्जात विचारलेली नसते.

दर्या सुटतो, बाजार सुटत नाही

चौथ्या दिवशी दाजींबरोबर साखरच्या बंदरावर गेलो. मे महिना म्हणजे तिकडे आगोटीची घाई. आगोट म्हणजे पावसाळ्यापूर्वीची बेगमी. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, त्यामुळे त्याआधी बोंबील, जवळा, सुकट वाळवून ठेवायची. वाळवणाचे हे काम बहुतेक बायकांच्या हातचे.

एका पडवीत एक म्हातारे कोळी जाळे शिवत बसले होते. पूर्वी तांडेल होते, म्हणजे बोटीचे चालक. दर्यावरचे काम अंगावर येते. ओले जाळे ओढून कंबर जाते, खारे वारे आणि ऊन यांनी डोळे जातात. पन्नाशीच्या आगेमागे पुष्कळांचा दर्या सुटतो. बोट मुलाकडे जाते आणि बाप किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करतो.

त्यांच्या मंडळी तेवढ्यात बाजारातून आल्या. साठी कधीच उलटलेली. डोक्यावरची पाटी उतरवली, कमरेची पिशवी सोडली आणि नवऱ्यासमोरच पैसे मोजायला बसल्या. मी म्हटले, "आजी, आता तुम्हीपण थांबा की."

त्या हसल्या. म्हणाल्या, "दर्या सुटला त्यांचा. माजा बाजार कसा सुटल? घर चालवाचा हाय ना, दादा."

कोळ्यांमध्ये एक गोष्ट मात्र आपल्यापेक्षा बरी. मासळी किनाऱ्याला लागली की तिचा भाव, वाटे, उधारी हा बाईचा कारभार. पैसा तिच्या हातात असतो, त्यामुळे तिचा शब्दही चालतो. आजोबांनी जाळ्यातून मान वर न काढता सांगितले, "हिशेब तिला विचारा, मला नाय ठाव."

पण पुढे चौकशी केली तेव्हा त्यातही गाठ निघाली. बोट कुणाच्या नावावर? आधी नवऱ्याच्या, आता मुलाच्या. मच्छीमार सोसायटीचा भाग कुणाच्या नावावर? त्यांच्याच. आजींनी चाळीस वर्षे पाटी वाहिली, पण ना बोटीच्या कागदावर त्यांचे नाव, ना सोसायटीच्या वहीत. ही सोसायटी ऐकून मला आपला कारखाना आठवला आणि मी जरा गप्प झालो.

गिरणी बंद, शेत चालू

दाजींचे वडील मुंबईला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यातले कितीतरी रायगड-रत्नागिरीचे, आणि आपल्या सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे भागातलेही. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना ते दिवस आठवत असतील. ट्रंक घेऊन परत आलेला चाळिशीचा माणूस, हाताला काम नाही, ना निवृत्त ना नोकरदार.

त्या वेळी घरे तगली ती कुणामुळे? गडी मुंबईला असताना भाताची लावणी, गुरे, सासू-सासरे हे सगळे मागे राहिलेल्या बाईनेच पाहिले होते. गडी परत आला तरी ती थांबली नाही. संपाबद्दल लिहिले बोलले गेले पुष्कळ. या बायकांच्या वाट्याला त्यातले फार थोडे आले.

आता आपल्या बांधावर या

कुणी म्हणेल, शेतकऱ्याला कसली आली निवृत्ती? आपण मरेपर्यंत शेतकरीच. वरवर खरे आहे. पण मंडळी, जरा आपापल्या घरी डोकावून पाहा. पोरगा हाताशी आला, ट्रॅक्टर आला, ठिबक झाले की पन्नाशी-पंचावन्नचा गडी हळूच बांधावरून पारावर सरकतो. सकाळी चहाच्या टपरीवर राजकारण, दुपारी झोप, संध्याकाळी सोसायटीच्या कट्ट्यावर. विचारले तर म्हणतो, "आता शेताचं लेकरू बघतं."

लेकरू बघत असेल. पण लागणीला बेणे कोण पसरते? भांगलण कोण करते? बाळबांधणीला खताची पाटी कुणाच्या डोक्यावर असते? पहाटे धार काढून दूध संस्थेत कोण घालते? तीच ना, जिच्या निवृत्तीचा विषय घरात कधी निघालाच नाही?

आणि उसाची नोंद होते सातबाऱ्यावरच्या नावाने. भाग ज्याच्या नावावर त्याच्या खात्यात बिल जमा होते. वार्षिक सभेचे निमंत्रण, साखरेचे कार्ड, मतदान, सगळे त्याच नावाने. म्हणजे जो पारावर बसला तो कागदावर उत्पादक, आणि जी सरीत वाकली ती कागदावर कुणीच नाही. साखरच्या आजींच्या कमरेला निदान पैशाची पिशवी तरी होती. आपल्याकडे ती पिशवीसुद्धा बहुतेक गड्याच्याच खिशात.

हे नव्याने सांगतोय असे नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला शेतकरी बायकांचे मोठे अधिवेशन भरवले. पुढे 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम निघाली. नवऱ्याने आपल्या हाताने बायकोच्या नावे जमीन करून द्यावी असा त्याचा अर्थ. गावेच्या गावे त्यात उतरली. आता सहकारी संस्थांच्या संचालक मंडळात महिलांसाठी २ जागा राखीव असतात. पण राखीव जागेवर उभे राहायला आधी सभासद असावे लागते, आणि उत्पादक सभासद व्हायला उसाची जमीन नावावर लागते. गाडी तिथेच अडते.

करण्यासारख्या चार गोष्टी

उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही, म्हणून आधी स्वतःच्या घरात जे सुरू केले तेच सांगतो.

पहिली गोष्ट, कारखान्यातल्या भागाला वारस म्हणून पत्नीचे नाव लावले. कारखान्याच्या शेअर विभागात नमुना मिळतो. ज्यांचे राहिले असेल त्यांनी लावून घ्यावे. मागाहून भावाभावांत कज्जे होतात आणि म्हातारी वाऱ्यावर पडते.

दुसरी गोष्ट, सातबाऱ्यावर तिचे नाव येण्यासाठी महसूल कचेरीत चौकशी सुरू केली आहे. सगळी जमीन द्या असे नाही. एक एकर का होईना, तिच्या नावाचा ऊस गव्हाणीत पडू द्या.

तिसरी गोष्ट, मुलगा नोकरीत आहे. त्याला बजावले आहे की, स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही करण्याआधी सूनबाईसमोर बसून हिशेब मांडायचा. पेढे मागून.

चौथी गोष्ट सगळ्यांत अवघड. ज्याचे बाहेरचे काम कमी झाले त्याने घरातले काम उचलायचे. मी सध्या सकाळची धार आणि दुपारचा चहा एवढ्यावर आलो आहे. घरात हसतात. हसू देत.

दाजींचे काय झाले, असे विचाराल. निघताना मी त्यांना एवढेच म्हटले, "दाजी, तुम्ही सुटलात, आनंद आहे. पण तुमची उरलेली पाळी कोण भरतंय ते एकदा बघा." त्यांना राग आला असावा. एस.टी. स्टँडपर्यंत ते काही बोलले नाहीत.

गणपतीत बहिणीचा फोन आला. म्हणाली, "दादा, हे आता सकाळी भात टाकतात आणि नारळ खवून ठेवतात. कालवण अजून जमत नाही. पण मी शाळेतून आले की चहा तयार असतो."

मी म्हटले, "अगं, मग बरं आहे की."

"बरं आहे," ती म्हणाली. "पण पुढच्या वर्षी मीसुद्धा अर्ज द्यायचा विचार करतेय. या खेपेला हिशेब दोघांनी मिळून मांडलाय."