किहीमकर मूळचे कुठले?

अलिबागहून रेवसच्या रस्त्याला लागलं की चोंढीच्या नाक्यावरून किहीमला वळायचं. पुढे वाड्या, नारळ-सुपारी, किनाऱ्यालगत सुरूंची रांग आणि शनिवार-रविवारी मुंबईकरांच्या गाड्या. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी 1930 च्या पावसाळ्यात याच गावात राहून सुगरण पक्ष्याची घरटी आणि त्याचा संसार न्याहाळला होता. त्यामुळे निसर्गप्रेमींना किहीम ठाऊक असतं. त्यांना आणखी एक नाव ठाऊक असतं, ते आयझॅक किहीमकरांचं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत त्यांची वर्षानुवर्षं गेली आणि त्यांचा भारतीय फुलपाखरांवरचा जाडजूड ग्रंथ 2008 साली आला. पण म्हणून किहीममध्ये जाऊन 'किहीमकरांचं घर कुठलं?' असं कुणी विचारलं, तर समोरचा माणूस बुचकळ्यात पडेल. तिथे सगळेच किहीमचे. मग एकट्यादुकट्याला किहीमकर म्हणायचं कशासाठी?

कोकणातल्या 'कर' आडनावांची ही गंमत नीट ध्यानात घेतली पाहिजे. माणूस गावात असतो तोवर त्याला गावाचं नाव लागत नाही. तो वेस ओलांडून दुसरीकडे जातो, तिथे एकाच नावाचे दोघं-तिघं निघतात, मग 'कुठला हा?' हा प्रश्न येतो आणि त्याच्या उत्तराला 'कर' लागतो. म्हणजे आडनाव गावाचं असलं तरी त्याचा जन्म गावाबाहेरचा. पेणकर पेणेत घडत नाही, रोह्यात किंवा मुंबईत घडतो.

हा 'कर' जातही विचारत नाही आणि धर्मही. गोव्यात आणि कोकणात ब्राह्मणापासून कोळ्यापर्यंत, भंडाऱ्यापासून कोकणी मुसलमानापर्यंत तो सगळ्यांना लागतो. 'दांडेकर' म्हटलं की मराठी वाचकाला गो. नी. दांडेकर आठवतात. पण दांडेकर ज्यूही आहेत. दिवेकर, घोसाळकर, राजपूरकर यांचंही तसंच. आयझॅक किहीमकर ज्या समाजाचे त्या बेने इस्राएल या ज्यू समाजाच्या आडनावांची यादी वाचायला घेतली तर जुन्या कुलाबा जिल्ह्याचा नकाशाच उघडल्यासारखा वाटतो. रोह्याचे रोहेकर, अष्टमीचे अष्टमकर, झिराडचे झिराडकर, नवगावचे नवगावकर, चौलचे चौलकर, राजपुरीचे राजपूरकर. किहीमकर हे त्यातलं एक, आणि एकाच लहान गावावरून आलेलं असल्याने मुळात विरळ.

ही माणसं या गावांत आली कशी, याची समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी कथा अशी: फार पूर्वी एक गलबत नवगावपाशी खडकावर आपटून फुटलं. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. जे बुडाले त्यांना नवगावातच पुरलं. वाचलेले आसपासच्या गावांत पांगले आणि तेलाच्या घाण्यावर पोट भरू लागले. किहीमहून दक्षिणेला थळ-नवगाव हाकेच्या अंतरावर. घटना नक्की कधीची, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कुणी ती ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात नेतं, कुणी बरीच शतकं अलीकडे आणतं. सोबतची धर्मग्रंथांची गुंडाळी समुद्रात गेली असावी. स्मरणात जे उरलं ते थोडकं, पण घट्ट: मुलाची सुंता आठव्या दिवशी, काही मोजके उपास, आणि शनिवारी काम बंद. शनिवारी बैल घाण्याला जुंपायचा नाही. गावकऱ्यांनी त्यावरून नाव पाडलं 'शनवार तेली'. सोमवार पाळणारे हिंदू तेली 'सोमवार तेली', हे शनिवार पाळणारे. प्रकरण तिथेच मिटलं. धर्म वेगळा, हे गावाला बहुधा कळत होतं. पण त्याचा बाऊ करावा असं कुणाला वाटलं नाही.

पुढे कधीतरी डेव्हिड रहाबी नावाचा धर्मज्ञ इथे आला. त्याने या लोकांना यहुदी धर्माचे विधी नव्याने शिकवले आणि तीन घराण्यांतल्या पुरुषांना तयार करून धर्मकार्य त्यांच्याकडे सोपवलं. त्यांना लोक काजी म्हणू लागले. परंपरेने सांगितली जाणारी ती घराणी म्हणजे झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर. विधी हिब्रू, पदवी अरबी, आडनाव मराठी! कोकणाला यात काही विचित्र वाटलं नसावं.

त्या काळातल्या नावांकडे पाहिलं तर आडनावाची गरज किती उशिरा पडली हेही दिसतं. सॅम्युअलचा झाला होता समाजी, इझिकेलचा हसाजी, अब्राहमचा अबाजी, मोझेसचा मुसाजी. मराठी 'जी' लागला की पैगंबरही शेजारच्या आळीतला वाटू लागतो. अशा नावांचा सगळ्यांत गाजलेला माणूस समाजी हसाजी दिवेकर. तो इंग्रजांच्या मुंबई फौजेत हुद्देदार होता. म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत सापडला आणि तिथून सुटला. परतल्यावर त्याने 1796 साली मुंबईत मांडवी भागात बेने इस्राएलांचं पहिलं प्रार्थनामंदिर उभारलं. समाजातले लोक प्रार्थनामंदिराला सरळ 'मशीद' म्हणत. पुढे त्या भागात रेल्वे स्टेशन झालं त्याचं 'मशीद' हे नाव या ज्यू मशिदीवरून पडलं असं सांगितलं जातं. मध्य रेल्वेच्या गर्दीत रोज त्या फलाटावर उतरणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल!

समाजीच्या मागोमाग कुलाब्यातली घरंच्या घरं मुंबईला निघाली. फौजेत, मग कचेऱ्यांत, रेल्वेत, टपाल खात्यात, इस्पितळांत. शंभरेक वर्षांत समाजाचा भार गावांकडून मुंबईकडे झुकला. आडनावांचं पीक खरं आलं ते इथे. उमरखाडी-माझगावच्या चाळींतून आणि पलटणीच्या हजेरीपटांवर एकाच वेळी चार सॅम्युअल आणि सहा अब्राहम निघत असतील, तेव्हा गावाच्या नावाला पर्याय नव्हता.

किहीमकर हे आडनाव छापील अक्षरांत ठसलं ते हाईम सॅम्युअल किहीमकर यांच्यामुळे. हे बेने इस्राएलांचे पहिले मोठे इतिहासकार. 1875 साली भाऊ आणि मित्र यांना घेऊन त्यांनी समाजासाठी मुंबईत शाळा काढली. ती पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा म्हणून ओळखली गेली. गावोगावच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं, घरोघरच्या चालीरीती, लग्नातले विधी, सैन्यातल्या हुद्देदारांच्या नोंदी असं सगळं गोळा करून 1897 पर्यंत त्यांनी समाजाचा इंग्रजी इतिहास लिहून काढला. तो छापायला मात्र कुणी मिळेना. हस्तलिखित पडून राहिलं, लेखक गेले, आणि चाळीस वर्षांनी, 1937 साली, ग्रंथ प्रसिद्ध झाला तो तेल अवीवमध्ये. इस्रायल हे राष्ट्र तेव्हा जन्मालाही यायचं होतं. किहीमकर नाव तिथे माणसांच्या आधी पोचलं, पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून.

मुंबईत आडनाव रुजलं आणि मुंबईतच गळायलाही लागलं. इंग्रजी शिक्षण, कचेरी, पलटण यांच्या कागदांवर स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव एवढं लिहून भागत असे. दोन्ही नावं बायबलमधली, साहेबाच्या जिभेला सोपी. 'कर' तेवढा घरी राहिला. रिबेका रूबेन यांचं उदाहरण घ्या. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिल्या आलेल्या आणि पुढे सुमारे तीन दशकं त्याच माझगावच्या शाळेच्या मुख्याध्यापिका असलेल्या या बाईंचं आडनाव नवगावकर. ते फारसं कुणी वापरलंच नाही. डॉ. एलायजा मोझेस राजपूरकर 1937 मध्ये मुंबईचे महापौर झाले. त्यांच्या नावाचा महालक्ष्मी-वरळीचा रस्ता आज डॉ. ई. मोझेस मार्ग आहे, पाटीवर राजपुरीचा मागमूस नाही. 'बूट पॉलिश'मधला जॉनचाचा साकारून फिल्मफेअर पारितोषिक मिळवणारे डेव्हिड तर श्रेयनामावलीत नुसतेच 'डेव्हिड'. पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चौलकर. इंग्रजीत ते आडनाव 'च्यूलकर' वाचलं जाईल अशा स्पेलिंगने लिहिलेलं आढळतं, कारण चौल बंदराचं नाव युरोपियनांनी ज्या तऱ्हेने लिहिलं तीच तऱ्हा आडनावात जाऊन बसली. गावाच्या पाटीवरून ती केव्हाच पुसली गेली, आडनावात मात्र टिकून राहिली.

काहींनी उलटं केलं: 'कर' टाकला आणि गाव ठेवलं. 1890 साली जन्मलेल्या, लंडनहून एम. डी. होऊन आलेल्या आणि मुंबईच्या कामा हॉस्पिटलची धुरा वाहिलेल्या पद्मश्री डॉ. जेरुशा झिराड या नुसत्या झिराड. परक्या माणसाला तो एखादा युरोपियन शब्द वाटावा. अलिबागच्या माणसाला मात्र एसटीचा थांबा आठवतो.

दरम्यान इंग्रजांच्या राज्याबरोबर ही आडनावं लांब लांब पोचली. पुणे, अहमदाबाद, एडन, रंगून, कराची. कराचीत 1893 साली मागेन शालोम हे प्रार्थनामंदिर बांधणाऱ्याचं नाव होतं शालोम सॉलोमन उमेरडेकर. सिंधच्या वाळवंटी शहरात 'कर' हा प्रत्यय घेऊन उभा राहिलेला माणूस कोकणातला, हे सांगायला वेगळा पुरावा लागत नाही. फाळणीनंतर कराचीचे ज्यू हळूहळू निघून गेले आणि 1988 मध्ये ती वास्तूही पाडली गेली. इस्रायलमधल्या रामला गावात कराचीकरांनी त्याच नावाचं प्रार्थनामंदिर उभारलं. एरुळकरांचा प्रवास आणखी अनपेक्षित. गांधीजींवर उपचार करणारे मुंबईचे डॉक्टर अब्राहम एरुळकर यांची मुलगी लीला हिने ग्लाफकोस क्लेरिडीस यांच्याशी लग्न केलं. क्लेरिडीस 1993 ते 2003 सायप्रसचे राष्ट्राध्यक्ष होते, म्हणजे दहा वर्षं त्या देशाची प्रथम महिला माहेरची एरुळकर होती.

पण ही झाली एकेकट्यांची कथा. सगळा समाज हलला तो 1948 नंतर. त्या सुमारास भारतात वीसेक हजार बेने इस्राएल होते. पन्नास आणि साठच्या दशकांत त्यातले बहुतेक जण इस्रायलला गेले. दिमोना, बीरशेबा, अशदोद, लोद, रामला अशा गावांत रोहेकर, पेणकर, किहीमकर यांच्या पाट्या दारांवर लागल्या. छळामुळे नव्हे, भारतात त्यांना त्यांच्या धर्मापायी कुणी हाकललं नव्हतं, आणि हे ते स्वतः आवर्जून सांगत आले आहेत.

धक्का बसला तो तिथे. 1962 च्या सुमारास तिथल्या धर्मपीठाने फर्मान काढलं की बेने इस्राएल वधू-वरांचं लग्न दुसऱ्या ज्यूंशी लावण्यापूर्वी त्यांचे पूर्वज जमेल तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत तपासावेत. कुलाब्यातल्या खेड्यात वंशावळीचे कागद कुणी ठेवले होते? शनिवारी घाणा बंद ठेवणं हीच त्यांची वंशावळ. जेरुसलेममध्ये धरणं, उपोषणं झाली. काही कुटुंबं परतही आली. शेवटी ऑगस्ट 1964 मध्ये सरकारने समाजाच्या बाजूने भूमिका घेतली आणि धर्मपीठाने आपल्या नियमांतून 'बेने इस्राएल' हा खास उल्लेख काढून टाकला.

आडनावाची कसोटी वेगळीच लागली. हिब्रू लिहिताना स्वर सहसा लिहीत नाहीत. त्यामुळे ओळखीचा शब्द लगेच वाचता येतो, अनोळखी शब्दाची मात्र खिचडी होते. 'ळ' नाही, 'घ' नाही, त्यामुळे घोसाळकरांचे गोसालकर व्हायचे. त्यात हिब्रूत 'कर' म्हणजे थंड! वाळवंटातल्या दिमोनात शिक्षकाने हजेरी घेताना कोकणातल्या पोराचं आडनाव वाचलं की वर्गात खसखस पिकली नसेल तर नवल. देशात हिब्रू नावं घेण्याचा आग्रह होता. पंतप्रधान बेन गुरियन यांनी स्वतःचं 'ग्रून' बदललं होतं. काहींनी मग वडिलांचं नाव पुढे केलं, तसं मुंबईत करण्याची सवय होतीच. बऱ्याच जणांनी मात्र 'कर' सोडला नाही. तिथे ज्यू असणं ही वेगळी ओळख उरत नव्हती, सगळेच ज्यू. 'होदी', म्हणजे भारतीय, ही ओळख होती, आणि तिला शेपूट म्हणून 'कर' शोभून दिसला. तिथून 'मायबोली' नावाचं मराठी मासिकही निघालं.

भारतात आता सगळ्या पंथांचे मिळून ज्यू पाच हजारांच्या आसपासच असतील, बहुतेक मुंबई-ठाण्यात. महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. कुलाबा जिल्ह्याचाही रायगड झाला. अलिबागच्या इस्राएल आळीत 1848 चं मागेन अवोथ उभं आहे, पण आळीत इस्राएल हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. गावाने त्यांचं नाव ठेवून घेतलं, त्यांनी गावाचं नेलं.

इस्रायलहून आलेली कुटुंबं अलिबागजवळच्या खंडाळ्याला हमखास जातात. तिथल्या कातळावर एलियाहू हनाबी या यहुदी पैगंबराच्या रथाची चाकोरी आणि घोड्याच्या टापा उमटल्या आहेत अशी श्रद्धा आहे. तो 'एलियाहू हनाबीचा टापा'. परातीत मलिदा मांडला जातो: भिजवलेले गोड पोहे, त्यावर ओल्या नारळाचा चव, सुकामेवा, कडेने फळं. हिब्रू प्रार्थना होते, पोह्याचा घास हातावर पडतो. मग पुढचा रस्ता ज्याच्या त्याच्या आडनावाप्रमाणे. रोहेकर दक्षिणेला वळतात, चौलकर रेवदंड्याच्या वाटेला लागतात. किहीमकरांनी रेवसचा रस्ता धरायचा आणि चोंढीच्या नाक्यावर डावीकडे वळायचं.