संशोधन साहित्याचा आढावा

संशोधन साहित्याचा आढावा म्हणजे एखाद्या विषयावर पूर्वी झालेले लेखन शोधून, निवडून, तपासून आणि परस्परांशी जोडून केलेली सुसंगत मांडणी होय. ग्रंथ, शोधनिबंध, प्रबंध, शासकीय अहवाल, गॅझेटियर, वृत्तपत्रे व अभिलेख ही त्याची साधने होत. प्रत्यक्ष क्षेत्रपाहणी, मुलाखत किंवा प्रयोग न करता केवळ उपलब्ध साधनांवर आधारलेल्या संशोधनास ग्रंथालयीन संशोधन किंवा डेस्क रिसर्च म्हणतात. अशा संशोधनात आढावा ही केवळ पूर्वतयारी नसते. तीच संशोधनाची मुख्य पद्धत असते. त्यामुळे आढाव्याचा कोणता प्रकार निवडला, यावर निष्कर्षाची विश्वसनीयता अवलंबून राहते.

## संज्ञा

मराठी प्रबंधांत या प्रकरणास ‘संबंधित साहित्याचा आढावा’ किंवा ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ असे शीर्षक दिलेले आढळते. येथे ‘साहित्य’ हा शब्द ललित वाङ्मय या अर्थाने येत नाही, तर एखाद्या विषयावरील समग्र लिखित सामग्री या अर्थाने येतो. म्हणून संशोधन साहित्याचा आढावा आणि साहित्यसमीक्षा या दोन भिन्न गोष्टी आहेत. कविता, कादंबरी किंवा नाटक यांचे रसग्रहण व मूल्यमापन हे साहित्यसमीक्षेचे कार्य होय. ग्रंथसूची आणि आढावा यांतही फरक आहे. सूची कोणी काय लिहिले एवढेच नोंदवते. आढावा त्या लेखनातील एकवाक्यता, विरोध आणि उणिवा दाखवतो.

## इतिहास

पूर्वीचे लेखन तपासून मग आपले मत मांडण्याची पद्धत जुनी आहे. स्कॉटिश वैद्य जेम्स लिंड यांनी १७५३ मध्ये स्कर्व्ही रोगावरील आपल्या ग्रंथात त्या विषयावरील पूर्वीच्या लेखनाचा चिकित्सक परामर्श घेतला होता. विसाव्या शतकात प्रसिद्ध होणाऱ्या संशोधनाचे प्रमाण इतके वाढले की, एका अभ्यासकाने सर्व वाचून मत बनवणे अशक्य झाले. १९७२ मध्ये ब्रिटिश वैद्य आर्ची कॉक्रेन यांनी उपचारांच्या परिणामकारकतेचा पुरावा तपासण्याची निकड मांडली. १९७६ मध्ये अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जीन ग्लास यांनी ‘मेटा-ॲनालिसिस’ ही संज्ञा रूढ केली. १९९३ मध्ये कॉक्रेन यांच्या नावाने स्थापन झालेल्या संस्थेने वैद्यकातील पद्धतशीर आढाव्यांना शिस्त लावली. २००० मध्ये कॅम्पबेल कोलॅबोरेशन या संस्थेने तीच पद्धत शिक्षण व समाजकल्याण या क्षेत्रांत आणली. २००९ मध्ये मारिया ग्रँट आणि अँड्र्यू बूथ यांनी आढाव्यांचे १४ प्रकार नोंदवले. त्यांच्या सीमारेषा काटेकोर नाहीत. एकाच आढाव्यात दोन प्रकारांचे मिश्रण होऊ शकते.

## प्रकार

पुढील प्रकारांची उदाहरणे पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या शेजारच्या तालुक्यांतील आहेत. सातवाहनकालीन लेणी व शिलालेख, अश्मयुगीन स्थळे, बिबट्या व मानव यांचा संघर्ष, धरणे, आदिवासी शेती आणि भूस्खलन अशा अनेक विषयांवर या परिसरात लेखन झालेले असल्याने एकाच भूभागातून बहुतेक प्रकार स्पष्ट करता येतात.

वर्णनात्मक आढावा. हा सर्वांत रूढ प्रकार आहे. अभ्यासक आपल्या जाणकारीने महत्त्वाचे लेखन निवडतो आणि विषयाचा ओघवता परिचय करून देतो. जुन्नरच्या लेण्यांवरील आढाव्यात १८८० मधील फर्ग्युसन व बर्जेस यांचा लेणीविषयक ग्रंथ, १८८५ मधील पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर, विद्या दहेजिया यांचे लेखन आणि त्यानंतरचे संशोधन क्रमाने मांडता येते. वाचकाला विषयाची ओळख लवकर होते, हा या प्रकाराचा गुण होय. लेखन कोणत्या निकषावर निवडले हे सांगितलेले नसते, हा त्याचा दोष होय.

ऐतिहासिक आढावा. एखादी कल्पना किंवा वाचन काळाच्या ओघात कसे बदलले, याचा मागोवा यात घेतला जातो. जुन्नरजवळील नाणेघाटातील सातवाहन शिलालेख हे त्याचे चांगले उदाहरण आहे. विल्यम साइक्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जुन्नर परिसरातील लेखांकडे लक्ष वेधले. पुढे भगवानलाल इंद्रजी, गेओर्ग ब्यूलर आणि वासुदेव विष्णु मिराशी यांनी त्यांचे वाचन व अर्थ यांवर काम केले. नागनिका राणीशी निगडित असलेल्या या लेखात यज्ञांची व दक्षिणांची नोंद असून त्यातील अंकचिन्हे भारतीय अंकांच्या इतिहासात महत्त्वाची मानली जातात. पूर्वीचे वाचन का बदलले हे समजल्याशिवाय आजचे वाचन तपासता येत नाही.

चिकित्सक आढावा. यात लेखनाचा केवळ सारांश न देता त्यातील पुरावा व युक्तिवाद तपासला जातो. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठच्या बोरी येथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि त्याच्या सान्निध्यात अश्मयुगीन हत्यारे सापडली. १९८९ मध्ये या राखेचे वय सुमारे १४ लाख वर्षे सांगितले गेले. १९९५ मध्ये दुसऱ्या पद्धतीने ते सुमारे ६ लाख ७० हजार वर्षे ठरवले गेले. १९९८ मध्ये जॉन वेस्टगेट व सहकाऱ्यांनी भारतीय द्वीपकल्पातील अशी सर्व राख सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची असल्याचे प्रतिपादन केले. २०११ मध्ये राख अधिक जुनी असल्याचे मत पुन्हा मांडले गेले, तर २०१४ मध्ये नव्या मापनाच्या आधारे ७५,००० वर्षांच्या बाजूने पुरावा देण्यात आला. यांपैकी एकच निबंध वाचणारा विद्यार्थी भारतातील अतिप्राचीन मानवी वस्तीविषयी ठाम, पण एकांगी विधान करील. चिकित्सक आढावा प्रत्येक मापनाची पद्धत तपासतो. राख मूळ जागीच साचली की पाण्याने वाहून आली, आणि हत्यारांचा थर व राखेचा थर यांचा संबंध काय, हे प्रश्नही तो विचारतो.

पद्धतशीर आढावा. इंग्रजीत सिस्टिमॅटिक रिव्ह्यू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकारात प्रश्न, शोधशब्द, माहितीकोश, समावेशाचे व वगळण्याचे निकष हे सर्व आधीच ठरवून लिहून ठेवतात. दुसऱ्या अभ्यासकाने तीच पायरी अनुसरल्यास त्याला तेच लेखन सापडले पाहिजे. अशा आढाव्याचे वृत्त कसे द्यावे यासाठी ‘प्रिझ्मा’ ही २७ मुद्द्यांची तपासणीसूची वापरतात; ती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २०२० मध्ये सुधारण्यात आली. ‘बिबट्या पकडून दुसरीकडे सोडल्यास माणसांवरील हल्ले कमी होतात का?’ हा अशा आढाव्यास योग्य प्रश्न आहे. जुन्नर परिसरातील अशा स्थलांतरावर विद्या अत्रेय व सहकाऱ्यांचा निबंध २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार मोठ्या प्रमाणावरील स्थलांतरापूर्वी वर्षाला सरासरी ४ हल्ले होत असत. २००१ ते २००३ या काळात ती सरासरी १७ वर गेली. समजुतीने योग्य वाटणारा उपाय प्रत्यक्षात अपायकारक ठरू शकतो, हे या आकड्यांतून सूचित होते. निकष आधी ठरवलेले नसतील, तर आपल्या मताविरुद्ध जाणारा असा निबंध नकळत वगळला जाण्याचा धोका असतो.

संख्यात्मक संश्लेषण. मेटा-ॲनालिसिस हा पद्धतशीर आढाव्याचा पुढचा टप्पा होय. अनेक अभ्यासांतील आकडे संख्याशास्त्रीय रीतीने एकत्र करून एकच अंदाज काढला जातो. मात्र त्यासाठी अभ्यास तुलनीय असावे लागतात. एका वनविभागात किरकोळ जखमाही ‘हल्ला’ म्हणून नोंदवल्या जात असतील आणि दुसऱ्यात केवळ मृत्यू, तर त्यांची बेरीज दिशाभूल करते.

व्याप्ती आढावा. विषयावर काय उपलब्ध आहे आणि काय नाही, याचा नकाशा काढणे हा याचा हेतू असतो. हिलरी आर्क्सी व लिसा ओमॅली यांनी २००५ मध्ये त्याची चौकट मांडली. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर दरड कोसळून दीडशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. या दुर्घटनेविषयीचे लेखन भूशास्त्र, पर्जन्यमान, डोंगरउतारावरील जमिनीचे सपाटीकरण, आपत्ती व्यवस्थापन आणि पुनर्वसन अशा अनेक शाखांत विखुरलेले आहे. ‘दुर्घटनेचे कारण कोणते’ असा एकच प्रश्न घेण्यापूर्वी कोणत्या शाखेने काय तपासले, हे मांडणे आवश्यक ठरते. येथे व्याप्ती आढावा उपयुक्त होतो. तो सहसा प्रत्येक अभ्यासाच्या दर्जाचे मूल्यमापन करत नाही.

समन्वयात्मक आढावा. यात संख्यात्मक, गुणात्मक व सैद्धांतिक अशा भिन्न जातीच्या लेखनाचा मेळ घातला जातो. डोंगराळ भागात सामूहिक श्रमाने भातखाचरे तयार करण्याच्या पडकई या आदिवासी परंपरेचा अभ्यास करताना मृदासंधारणाचे आकडे, शासकीय योजनेचे अहवाल आणि महादेव कोळी समाजाविषयीचे मानवशास्त्रीय लेखन ही तिन्ही साधने लागतात. केवळ गुणात्मक अभ्यासांचे संश्लेषण करण्याची एक स्वतंत्र पद्धत जॉर्ज नॉब्लिट व ड्वाइट हेअर यांनी १९८८ मध्ये मांडली.

सैद्धांतिक आढावा. एखाद्या विषयाचे स्पष्टीकरण देणाऱ्या सिद्धांतांची तुलना यात होते. डिंभे धरणासारख्या प्रकल्पांमुळे झालेल्या विस्थापनाचा अभ्यास करणारा कोणत्या चौकटीतून प्रश्नाकडे पाहतो, यावर नुकसानभरपाई, हक्क किंवा उपजीविका यांपैकी कशाला महत्त्व मिळेल हे ठरते.

जलद आढावा आणि छत्र आढावा. निर्णय तातडीने घ्यायचा असल्यास पद्धतशीर आढाव्याच्या काही पायऱ्या संक्षिप्त करून जलद आढावा करतात. कोणती पायरी गाळली हे त्यात नमूद करणे बंधनकारक मानले जाते. छत्र आढावा हा आढाव्यांचाच आढावा असतो. त्यासाठी आधी अनेक पद्धतशीर आढावे अस्तित्वात असावे लागतात. त्यामुळे एका तालुक्यापुरत्या मर्यादित विषयावर तो सहसा शक्य होत नाही.

## प्रकाराची निवड

निवड प्रश्नाच्या स्वरूपावरून करावी, असे मानले जाते. विषयाची ओळख करून द्यायची असल्यास वर्णनात्मक, मतभेद तपासायचे असल्यास चिकित्सक, विखुरलेल्या लेखनाचा नकाशा हवा असल्यास व्याप्ती आणि एखादा उपाय परिणामकारक आहे की नाही हे ठरवायचे असल्यास पद्धतशीर आढावा योग्य ठरतो. उपलब्ध वेळ व मनुष्यबळ यांचाही विचार करावा लागतो. पद्धतशीर आढाव्यात लेखनाची निवड किमान दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे करणे अपेक्षित असते. एकट्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास ते कठीण जाते.

## साधने

जुन्नर व आंबेगाव परिसराच्या ग्रंथालयीन अभ्यासासाठी पुण्यातील डेक्कन कॉलेज, १९१७ मध्ये स्थापन झालेली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था, पेशवे दप्तर सांभाळणारे पुणे पुरालेखागार, १९३० मध्ये स्थापन झालेली गोखले अर्थशास्त्र संस्था आणि आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था येथील संग्रह महत्त्वाचे आहेत. भारतीय विद्यापीठांतील प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर उपलब्ध होतात.

## मर्यादा

आढावा त्यातील मूळ अभ्यासांपेक्षा अधिक विश्वसनीय होऊ शकत नाही. अनुकूल निष्कर्षांचे निबंध अधिक प्रसिद्ध होतात आणि प्रतिकूल निष्कर्ष अप्रकाशित राहतात, यास प्रकाशन-पक्षपात म्हणतात. भाषेचा पक्षपातही तितकाच गंभीर आहे. केवळ इंग्रजी माहितीकोशांत शोध घेतल्यास मराठी वृत्तपत्रे, स्थानिक इतिहासग्रंथ, ग्रामपंचायतींचे अभिलेख आणि मराठीतील प्रबंध आढाव्याबाहेर राहतात. डोंगरातील भेगा, झऱ्यांचे बदललेले पाणी किंवा उसात दिसलेली बिबट्याची पिल्ले यांसारख्या गोष्टी प्रथम स्थानिक भाषेतच नोंदवल्या जाण्याची शक्यता असते. त्या निसटल्यास आढावा नियमानुसार निर्दोष दिसूनही अपुरा राहतो. काळाच्या क्रमावरून कारण ठरवणे हीदेखील नेहमीची चूक आहे. स्थलांतरानंतर हल्ले वाढले एवढ्यावरून स्थलांतर हेच एकमेव कारण सिद्ध होत नाही. उसाचे क्षेत्र, सिंचन, पशुधन आणि नोंदीची पद्धत यांत त्याच काळात काय बदल झाले, हेही तपासावे लागते.

आढावा ठरावीक तारखेपर्यंतच्या लेखनावर आधारलेला असतो. ती तारीख नमूद करणे आणि नवे संशोधन आल्यावर आढावा अद्ययावत करणे आवश्यक असते. बोरीच्या राखेच्या वयाबाबत १९९५ मध्ये थांबलेला आणि २०१४ पर्यंत आलेला आढावा वेगवेगळे चित्र देतो.

## हेही पाहा

- संशोधन पद्धती
- साहित्यसमीक्षा
- नाणेघाट
- माळीण
- जुन्नर तालुका
- आंबेगाव तालुका