साहेबांच्या आवाजाची मात्रा

नाशिकला दिंडोरी रोडवर, म्हसरूळला, एक विद्यापीठ आहे. महाराष्ट्रात तुम्ही कुठेही आजारी पडा, त्याच्याशी तुमची गाठ पडण्याची शक्यता दांडगी. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली सुरू झालं आणि राज्यातल्या बहुतेक वैद्यकीय, आयुर्वेद, होमिओपॅथी नि नर्सिंग कॉलेजांच्या परीक्षा आज तेच घेतं. म्हणजे नांदेडच्या वॉर्डात रात्री दोनला तुमची नाडी बघणारी तरुण डॉक्टर कागदोपत्री नाशिकचीच! हृदयाची प्रत्येक झडप तिला ठाऊक असते, औषधांच्या मात्रा पाठ असतात. पण तुमच्या जिवावर परिणाम करणारी आणखी एक गोष्ट त्या वॉर्डात असते आणि ती कुठल्याच बाटलीत भरून येत नाही: तिच्या वरिष्ठांचा बोलण्याचा सूर.

काहीतरीच काय, असं वाटलं ना? पण हे चक्क मोजलं गेलंय.

इस्रायलमध्ये नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागांतली २४ पथकं एका प्रयोगासाठी बोलावली. समोर अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा पुतळा. आतड्याच्या गंभीर विकाराने त्याची प्रकृती झपाट्याने ढासळत चाललेली. एक परदेशी तज्ज्ञ हे सगळं पाहतोय, असं पथकांना सांगितलं होतं. काही पथकांशी तो साधंच बोलला. उरलेल्यांना त्याने टोमणा मारला: इथल्या वैद्यकीय सेवेचा दर्जा पाहून मी काही फारसा खूश नाही, माझ्या विभागात असे लोक आठवडाभरही टिकायचे नाहीत. बस, एवढंच. शिवीगाळ नाही, आरडाओरडा नाही. त्या पथकांनी केलेल्या कामावरही तो काही बोलला नव्हता!

नंतर चित्रफिती पाहून परीक्षकांनी गुण दिले. कुणाला टोमणा बसलाय, हे त्यांना माहीत नव्हतं. तरीही टोमणा खाल्लेल्यांचं निदान कच्चं निघालं आणि हातही चुकले. २०१५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कारण काय सापडलं असेल? ही माणसं एकमेकांना माहिती कमी देत होती आणि मदतही कमी मागत होती. डोक्यातली चालू विचारांची जागा एखाद्या अरुंद ओट्यासारखी असते. त्यावर अपमानाचं पातेलं येऊन बसलं की बाळाचा रक्तदाब, औषधाची मात्रा, शेजारच्या सिस्टरची सूचना हे सगळं ठेवायला जागाच उरत नाही.

आता याहून गमतीदार गोष्ट. १९९० च्या दशकात हार्वर्डची एक विद्यार्थिनी, एमी एडमंडसन, दोन रुग्णालयांतल्या आठ विभागांचा अभ्यास करत होती. जिथे मेळ चांगला, तिथे औषधांच्या चुका कमी, हा तिचा साधा अंदाज. आकडे आले ते बरोबर उलटे! जिथली मुख्य परिचारिका समजूतदार, जिथे माणसं एकमेकांना धरून, तिथेच चुका जास्त नोंदलेल्या. संशोधनच बुडालं म्हणायचं? तिने पुन्हा नीट पाहिलं, तेव्हा उलगडा झाला. त्या विभागांत चुका जास्त होत होत्या असं नव्हे, तिथे त्या सांगितल्या जात होत्या. बाकीच्या ठिकाणी माणसं मूग गिळून बसत.

आपल्या वॉर्डात आणून बघा हे. नाइटला नव्या सिस्टरला केसपेपरवर पोटॅशियमची मात्रा जरा जास्त वाटते. अक्षर नेहमीचंच, म्हणजे अगम्य. फोन करून विचारावं तर मागच्या खेपेला साहेब सगळ्यांसमोर बोलले होते, ‘एवढंही कळत नाही?’ पोटॅशियम शिरेतून जादा गेलं तर हृदय थांबू शकतं. ती फोन उचलेल की नाही, हे कुठल्या यंत्रावर दिसणार? ते गेल्या आठवड्याच्या राऊंडलाच ठरून गेलेलं असतं. ‘मला बिनधास्त उठवा’ असं म्हणणारा वरिष्ठ ही माझ्या मते मॉनिटरइतकीच महत्त्वाची सोय आहे, आणि तिला वीजही लागत नाही.

वरिष्ठांच्या सुरासारखाच परिणाम जागरणाचाही होतो; त्याचं गणित तर थक्कच करतं. ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी १९९७ साली त्याच माणसांना एकदा जागवलं, एकदा दारू पाजली आणि हात नि डोळे यांचा मेळ तपासला. सलग १७ तास जागा माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा वागतो. २४ तासांनंतर ०.१० टक्के! आपल्याकडे गाडी चालवणाऱ्याला मुभा फक्त ०.०३ टक्क्यांपर्यंत. वाइनरींच्या गावात राहणाऱ्या नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको. तेवढ्या ढिल्या हाताने स्कूटर चालवली तर पोलीस अडवतात, पण वॉर्डात त्याच हातात आपण सुई देतो. बोस्टनच्या अतिदक्षता विभागांत इंटर्नच्या लांबलचक ड्यूट्या कमी करून पाहिल्या. जुन्या वेळापत्रकात गंभीर चुका ३६ टक्के जास्त होत होत्या, असं २००४ साली दिसलं.

आपल्याकडे नियम नाही का? १९९२ पासून आहे: निवासी डॉक्टरांना साधारणपणे दिवसाला १२ आणि आठवड्याला ४८ तास. मग ३२ वर्षांनी, २०२४ मध्ये, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने सुधारणा म्हणून शिफारस केली ती आठवड्याला ७४ तासांची! प्रत्यक्षात काय चालत असेल याचा अंदाज यावरून करा.

नाशिकला आणखी एक गोष्ट विसरता येणार नाही. २१ एप्रिल २०२१ ला महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा खंडित झाला आणि किमान २२ रुग्ण दगावले. त्या दिवशी ड्यूटीवर असलेल्यांचं पुढे काय होतं? अशा प्रसंगानंतर झोप उडते, हात थरथरतो, नोकरी सोडावीशी वाटते. जगभरच्या रुग्णालयांतला हा अनुभव आहे. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाच्या रुग्णालयांनी त्यावर एक वेगळी वाट काढली. त्यांनी वॉर्डातल्याच लोकांना शिकवलं की हादरलेल्या सहकाऱ्याशी कसं बोलायचं. पहिला आधार शेजारच्या टेबलावरून येतो, तज्ज्ञ गरज पडली तर नंतर.

आता नाशिकचा सिंहस्थ कुंभमेळा. २०२७ च्या पर्वण्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसात येतात आणि रामकुंडाकडे लोंढा सुरू होतो तो पहाटेच्या अंधारात. आदल्या सकाळी सहाला उठलेला डॉक्टर तीन वाजता तिथल्या तंबूत बसलेला असेल, तर त्याचे २१ तास झालेले असतील. त्याच्या जागी कोण येणार, किती वाजता येणार, हे कुठल्या तरी कार्यालयातल्या ड्यूटी लिस्टवर ठरणार आहे.