देव्हाऱ्यांतील दूर्वा गोल्फच्या मैदानावर

गणपतीला ज्या दूर्वा आपण वाहतों त्याच दूर्वांच्या हिरवळीवर अमेरिकेंत लक्षावधि डॉलरांच्या बक्षिसांचे गोल्फचे सामने खेळले जातात असें सांगितलें, तर पुष्कळ वाचकांना ती थट्टा वाटेल. परंतु ती थट्टा नव्हे. इंग्रजी बोलणारे लोक ज्याला 'बर्म्यूडा ग्रास' म्हणतात तें गवत म्हणजेच आपली दूर्वा; शेतकऱ्याच्या भाषेंत हरळी. वनस्पतिशास्त्रांत तिला सायनोडॉन डॅक्टिलॉन असें नांव आहे. त्यांतील पहिल्या ग्रीक पदाचा अर्थ 'कुत्र्याचा दांत' असा असून दुसरें पद बोट या अर्थाच्या शब्दापासून आलेलें आहे. तुरा आलेली दूर्वा हातीं घेऊन पाहावी, म्हणजे दुसऱ्या पदाची यथार्थता तेव्हांच पटते. एकाच ठिकाणाहून निघालेलीं चार-पांच बारीक कणसें पसरलेल्या बोटांसारखीं दिसतात. (पूजेला तुरा न आलेली कोवळी दूर्वाच घ्यावयाची असल्यामुळें घरांत हा तुरा पाहण्याचा प्रसंग फारसा येत नाहीं.)

गोल्फ हा खेळ मध्यम स्थितींतील कुटुंबांत शिरलेला नाहीं, म्हणून त्याविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. एका लहानशा कठीण चेंडूला निरनिराळ्या काठ्यांनीं टोले मारीत तो दूरच्या खळग्यांत घालावयाचा. असे अठरा खळगे क्रमानें पुरे करावयाचे, आणि ज्याला एकंदर टोले कमी लागतील तो जिंकला. खळगा अवघा सव्वाचार इंच रुंदीचा. त्याच्या सभोंवार जी अत्यंत बारीक कातरलेली हिरवळ राखलेली असते तिला 'ग्रीन' म्हणतात. येथें चेंडू उडवावयाचा नसतो, घरंगळवावयाचा असतो. संपूर्ण मैदानाला सामान्यतः ७२ टोले धरतात. त्यांपैकीं ३६, म्हणजे बरोबर निम्मे, ग्रीनवरचे धरलेले असतात. सबंध मैदानाच्या मानानें ग्रीनची जागा अगदींच थोडी, पण खेळाचा निम्मा निकाल तेथें लागतो. चेंडूच्या वाटेंत एखादें जाडसर पातें किंवा वर उचललेलें पेर आलें कीं तो तसूभर वांकडा जातो, आणि तेवढ्यानें सामना हातचा जातो.

ज्या देशांत हा खेळ वाढला त्या स्कॉटलंडमध्यें गवताचा प्रश्न कोणाला पडलाच नव्हता. समुद्रकांठचीं वाळूचीं, उंचसखल, शेतीला निरुपयोगी अशीं मैदानें, वर सतत भुरभुरणारा पाऊस, आणि त्यांत आपोआप उगवणारीं फेस्क्यू व बेंट नांवाचीं सुईसारखीं बारीक गवतें. तीं कातरण्याचें काम मेंढ्या आणि ससे बिनपगारी करीत असत. गवत कापण्याचें यंत्र एडविन बडिंग या इंग्रज कारागिरानें काढलें तें पुढें १८३० सालीं. सेंट अँड्र्यूज येथील प्रसिद्ध जुनें मैदान कोणा एका रचनाकारानें आंखलेलें नाहीं. येथील सात ग्रीन जोडग्रीन आहेत, म्हणजे जातांना व येतांना मिळून प्रत्येकावर दोन खळगे येतात, आणि त्या दोन खळग्यांच्या क्रमांकांची बेरीज दर वेळीं १८ च होते. टॉम मॉरिस नांवाच्या गृहस्थानें १८६० नंतरच्या दशकापासून १९०३ पर्यंत हें मैदान राखलें. ग्रीनवर वरचेवर वाळूचा पातळ थर पसरावा, म्हणजे गवत दाट व सपाट येतें, हा त्याचा मुख्य मंत्र होता. आजहि ग्रीन राखणारे लोक तोच चालवीत आहेत.

इंग्रज लोक जेथें जेथें गेले तेथें तेथें हा खेळ त्यांच्याबरोबर गेला. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालीं आणि मुंबईचा १८४२ सालीं निघाला. परंतु खेळ बोटीनें आला तरी हवा कांहीं बोटीनें येत नाहीं. फेस्क्यू आणि बेंट उष्ण प्रदेशांत उन्हाळ्याबरोबर करपून जात. मग हिरवळीच्या जागीं वाळू दाबून, तिच्यावर तेल शिंपून 'ग्रीन' करावयाची युक्ति निघाली. रंगावरून तिला 'ब्राऊन' असेंच म्हणत.

अमेरिकेच्या दक्षिण भागांतहि हीच अडचण होती. उत्तर कॅरोलायनांत पाइनहर्स्ट म्हणून एक गांव आहे. तेथील दुसऱ्या क्रमांकाचें मैदान डोनाल्ड रॉस या, टॉम मॉरिसच्या हाताखालीं शिकलेल्या, स्कॉच गृहस्थानें रचलें व १९०७ मध्यें तें अठरा खळग्यांचें झालें. आज जगांतील नामांकित मैदानांत त्याची गणना होते, आणि तीहि मुख्यतः त्याच्या ग्रीनबद्दल. हे ग्रीन पालथ्या बशीसारखे मध्यें फुगीर आणि कडेला उतरते आहेत. अंदाज थोडा चुकला कीं चेंडू बाहेर घरंगळत जातो. परंतु १९३५ च्या सुमारापर्यंत त्याच जागीं वाळू व चिकणमाती दाबून केलेले सपाट चौथरे होते. सपाट ठेवणें भागच होतें. कारण वाळूला चढउतार दिला तर पहिल्याच पावसांत ती वाहून जाणार. रॉसनें तेथें गवत लावून घेतलें आणि मगच त्याला ग्रीनला आकार देतां आला. मैदानाची रचना कागदावर ठरते अशी आपली समजूत असते. येथें ती मुळांनीं माती धरून ठेवली तेव्हां ठरली. लावलेलें गवत अर्थात् दूर्वा.

दूर्वाच कां? थंड देशांतील गवतें ऊन तापलें म्हणजे कमावलेल्या अन्नाचा बराच अंश वायफळ घालवून बसतात. उलट दूर्वा, ऊंस, मका, ज्वारी व बाजरी यांच्या पानांत कर्बवायु आधीं एकवटून मग तो वापरण्याची एक विशेष योजना असते. ऑस्ट्रेलियांत काम करणाऱ्या हॅच व स्लॅक या शास्त्रज्ञांनीं १९६६ सालीं उंसाच्या पानांवरून तिचा उलगडा केला. या योजनेमुळें जें ऊन बेंटला मारतें तेंच दूर्वेला मानवतें. शिवाय ती जमिनीवरून धांवते व जमिनीखालूनहि धांवते, आणि प्रत्येक पेराला मूळ धरते. दूर्वा अर्पण करतांना जो वैदिक मंत्र म्हणतात त्यांत पेरापेरांतून वाढत जाण्याच्या याच गुणाचें वर्णन आहे.

हाच गुण शेतकऱ्याला मात्र शाप वाटतो. काळ्या जमिनींत हरळी माजली म्हणजे खोल नांगरट करून, तिच्या काशा वेचून, उन्हांत वाळवून जाळाव्या लागतात; एक कांडें राहिलें तरी पुन्हा रान भरतें. अमेरिकेच्या दक्षिणेंतील कापूस पिकविणाऱ्यांचा अनुभव याहून वेगळा नव्हता. अशा त्या कापसाच्या मुलुखांत, जॉर्जियामधील टिफ्टन गांवच्या सरकारी प्रयोगक्षेत्रावर, १९३६ सालीं ग्लेन बर्टन नांवाचा २६ वर्षांचा तरुण नोकरीस लागला. गवतें सुधारणें हें त्याचें काम. हरळी मारण्याच्या खटाटोपांत न पडतां त्यानें ती सुधारावयास घेतली, हें त्याच्या स्वभावाचें वैशिष्ट्य मला वाटतें. जुन्या कापसाच्या शेतांत सांपडलेल्या एका जोमदार हरळीचा दक्षिण आफ्रिकेंतून आलेल्या हरळीशीं संकर करून त्यानें गुरांच्या चाऱ्यासाठीं 'कोस्टल' हा वाण १९४३ सालीं बाहेर काढला, आणि पुढें तो दक्षिणेंत लक्षावधि एकरांवर पसरला.

गोल्फचें काम त्याच्याकडे आलें तें युद्ध संपल्यानंतर. अमेरिकन गोल्फ संघाची 'ग्रीन सेक्शन' नांवाची शाखा १९२० पासून गवताचा अभ्यास करीत होती; तिनें बर्टनला थोडीशी आर्थिक मदत देऊं केली. साधी दूर्वा ग्रीनवर चालत होती, पण ओबडधोबड. तिचीं पातीं रुंद, पेरें उचललेलीं, आणि फार खालीं कापली तर ती विरळ होई. बर्टननें ठिकठिकाणच्या ग्रीनवरून आपोआप बारीक झालेल्या दूर्वेचे तुकडे मागविले. त्यांपैकीं शार्लट शहरांतील एका क्लबाच्या ग्रीनवरून आलेल्या दूर्वेचा त्यानें तिच्या एका आफ्रिकन बहिणीशीं संकर केला. ही बहीण ट्रान्सवालची, पातें केंसासारखें. त्यांतून निघालेला 'टिफग्रीन' हा वाण १९५६ सालीं लोकांच्या हातीं आला.

या संकरांत एक मौज आहे. दूर्वेच्या पेशींत ३६ गुणसूत्रें असतात, ट्रान्सवालच्या गवतांत १८. दोघांचें अर्धें अर्धें मिळून अपत्याला २७ येतात. २७ चे दोन सारखे भाग होत नाहींत. म्हणून हें अपत्य वांझ, त्याला उगवणारें बीं धरत नाहीं. त्यामुळें हें गवत पेरतां येत नाहीं, उंसाप्रमाणें बेणें लावावें लागतें. एका ग्रीनवरील कांडीं तोडून दुसऱ्या ग्रीनवर, तेथून तिसऱ्या, असें तें जगभर गेलें. 'टिफग्रीन' म्हणून जेवढी हिरवळ कोठेंहि आहे ती सर्व एकाच रोपाचा विस्तार होय. त्या हिरवळींत कोठें कोठें अधिक ठेंगणे, गर्द ठिपके दिसूं लागले. त्यांपैकीं एकापासून १९६५ सालीं 'टिफड्वार्फ' हा वाण झाला. भारतांतील कित्येक मैदानांवर आज तोच लावलेला आढळतो, म्हणजे आपली दूर्वा जॉर्जियाचा फेरा करून परत आली म्हणावयाची. पुढें अशा फरकांची वाट न पाहतां, दुसऱ्या एका संकरित दूर्वेच्या काशांवर गामा किरण सोडून 'टिफईगल' हा वाण तयार करण्यांत आला (१९९७). हे अगदीं अलीकडचे वाण तीन मिलिमीटरांच्या आसपास उंचीवर कापले तरी तग धरतात. तांदळाच्या दाण्याच्या लांबीपेक्षां ही उंची कमी!

येथपर्यंत सर्व कौतुकाचें आहे. परंतु गवत जितकें बारीक झालें तितका चेंडू वेगानें धांवूं लागला. ग्रीनचा वेग मोजण्याचें स्टिंपमीटर हें साधन अगदीं साधें आहे: ३६ इंचांची एक पन्हळ, तिच्या खांचेंत चेंडू ठेवावयाचा, ती हळूहळू उचलावयाची, आणि सुटलेला चेंडू सपाटीवर किती फूट जातो तें मोजावयाचें. एडवर्ड स्टिंपसन यानें १९३५ मध्यें काढलेलें हें साधन गोल्फ संघानें सुधारून १९७८ पासून सर्वांना दिलें. त्याच्या अगोदर अमेरिकेंतील शेंकडों मैदानांवर मोजून पाहिलें तेव्हां सरासरी साडेसहा फूट भरली होती. हल्लीं दहा फूट ही गोष्ट सामान्य झाली आहे व मोठ्या सामन्यांत ती बारा-तेरापर्यंत नेतात. संथ गवताच्या काळीं जे चढउतार खेळकर वाटत त्यांवर आतां चेंडू थांबतच नाहीं. कित्येक जुन्या ग्रीनचे उतार त्यासाठीं खरवडून कमी करावे लागले. मोजण्याचें साधन हातीं आलें म्हणून शर्यत सुरू झाली, आणि शर्यतीपायीं रॉससारख्यांची कारागिरी पुसली जाऊं लागली, हें मला तरी प्रगतीचें लक्षण वाटत नाहीं.

बेंटचा मोह मात्र श्रीमंत क्लबांना सुटला नव्हता. हिंवाळ्यांत दूर्वा गवताच्या गंजीसारखी पिवळी पडते, हा तिचा दोष. जॉर्जियांतीलच ऑगस्टा येथें १९८१ च्या सामन्यापासून ग्रीनवर दूर्वेच्या जागीं बेंट आली. पुढें तिला जगविण्यासाठीं ग्रीनच्या पोटांतून हवा खेळविणारीं यंत्रें बसविलीं. पाइनहर्स्टनेंहि मध्यंतरीं बेंट धरली होती. तेथें २०१४ सालीं ती काढून 'चॅम्पियन' नांवाची ठेंगणी दूर्वा लावली, आणि २०२४ ची अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा तिच्यावरच खेळली गेली.

बर्टनची गोष्ट येथेंच सोडली असती, पण त्याचा आपल्या ताटाशींहि संबंध आहे. टिफ्टनला तो बाजरीवरहि काम करीत असे. अमेरिकेंत बाजरी माणसें खात नाहींत, गुरांना घालतात. बाजरीच्या एकाच कणसांत स्त्री व पुरुष दोन्ही अंगें असल्यामुळें हवा तो संकर मोठ्या प्रमाणावर करणें कठीण होतें. बर्टनला पराग वांझ असलेली एक बाजरी मिळाली. ती 'टिफ्ट २३ ए' या नांवानें त्यानें सर्वांना मोकळी करून दिली. तिच्यावरून लुधियाना येथें डॉ. अठवाल यांनीं 'संकरित बाजरी नं. १' तयार केली व १९६५ सालीं ती पेरणीस आली. बाजरीचें देशांतील उत्पन्न १९७०-७१ मध्यें, पाऊसहि चांगला झाल्यामुळें, ८० लाख टनांपर्यंत चढलें.

आणि लगेच घसरलें. १९७१ पासून गोसावी रोगाची साथ पसरली. कणसांत दाण्यांऐवजीं हिरव्या पानांचा झुबका येऊं लागला. सर्व संकरांची आई एकच, आणि तीच या रोगाला बळी पडणारी! लुधियानापासून हैदराबादजवळील पाटणचेरूपर्यंत निरनिराळ्या ठिकाणीं नव्या, रोगाला दाद न देणाऱ्या माद्या व नर शोधून काढावे लागले, आणि वाण एकाच्या जागीं अनेक झाले, तेव्हां कोठें बाजरी सांवरली. ग्रीनवरील दूर्वेला ही सोय नाहीं. ती वांझ आहे. तेथें वेगळा ठिपका दिसला कीं राखणारा माणूस तो सुरीनें कापून काढतो व जागेवर मूळ वाणाचा तुकडा बसवितो. ठिपके आटोक्याबाहेर गेले म्हणजे सबंध ग्रीन खरवडून नवें बेणें आणावें लागतें. बर्टनचे टिफ्टनमधील वारस अशा काढून टाकलेल्या तुकड्यांतील निवडक तुकडे कुंड्यांत लावून, पुढची 'टिफड्वार्फ' त्यांत आहे कीं काय तें पाहत आले आहेत. स्वतः बर्टन २००५ सालीं, ९५ व्या वर्षीं वारले.