आरपार दिसणारी श्वासनळी

शेंगदाणा आपल्या घरी बारमाही. ओटीवर दाण्यांची परात, भोवती पोरे, आणि हसता हसता एखाद्याला जोराचा ठसका. घटकाभर खोकून पोर शांत होते. आजी पाठीवरून हात फिरवते, "गेला बाई एकदाचा" म्हणते. पण गेला कुठे? पोटात गेला तर काळजी नाही. श्वासनळीत उतरून बसला, तर खोकला थांबतो आणि दुखणे आत राहते. मग काही दिवसांनी ताप, घरघर, औषधाला न जुमानणारा न्यूमोनिया. एक्स-रेवर दाणा बहुधा दिसत नाही, कारण तो किरणांना फारसा अडवीत नाही. म्हणून ठसक्याची हकीकत घरच्यांनी आठवणीने सांगावी लागते.

ही गोष्ट वर्गात समजावून देताना तक्ता अपुरा पडतो. त्यावर एक नळी आणि खाली दोन सारखे फाटे. प्रत्यक्षात ते सारखे नाहीत. मोठ्या माणसात उजवा फाटा सुमारे 2.5 सेंटिमीटर लांब, रुंद आणि बराचसा सरळ खाली जाणारा. डावा सुमारे 5 सेंटिमीटर, अरुंद आणि अधिक तिरपा. त्यामुळे चुकलेला दाणा पुष्कळदा उजवीकडे जातो; नेहमीच नव्हे. आरपार दिसणारी पोकळ प्रतिकृती हातात असली, तर हे सांगावे लागत नाही, दिसते.

अशा प्रतिकृतींची हौस जुनी आहे. फ्रान्समध्ये ओझू नावाच्या डॉक्टरने 1820 नंतरच्या दशकात कागदाच्या लगद्यापासून सुटी होणारी शरीरे बनवली. बोहाड्याची सोंगे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना लगद्याची करामत सांगायला नको! पुढे 1930 साली जर्मनीतील ड्रेस्डेनच्या आरोग्य संग्रहालयात 'काचेचा माणूस' उभा राहिला. नावाला काचेचा, बाकी पारदर्शक प्लॅस्टिकचा. पण तो दूर ड्रेस्डेनला. आज कळवणच्या शाळेत तसे काही करता येईल का? येईल, पण कृती नीट समजून घेतली पाहिजे.

जे पोकळ हवे, ते आधी भरीव करावे लागते. सी.टी. स्कॅनमध्ये हवा काळी दिसते. 'थ्री-डी स्लायसर' किंवा ब्राझीलमध्ये तयार झालेली 'इन्व्हेसॅलियस' ही संगणकावरची साधने फुकट मिळतात. त्यांच्या साहाय्याने श्वासनळीतली तेवढी हवा वेगळी काढून तिचा भरीव आकार करता येतो. स्कॅन कुणाचे असेल, तर त्याची परवानगी घ्यावी आणि नाव आधी पुसावे. हे विसरून चालत नाही. मग टेबलावर मावणारा थ्री-डी प्रिंटर प्लॅस्टिकचा तंतू वितळवून थरावर थर चढवतो. एक थर साधारण 0.2 मिलिमीटरचा.

या छापील आकाराभोवती थेट पारदर्शक रबर ओतू नये. थरांच्या बारीक रेघा रबरावर उमटतात आणि ते धुरकट दिसते, जशी घासलेली काच. शिवाय कडक प्लॅस्टिक फाट्यांतून ओढून काढणार कसे? म्हणून छापील आकार पाण्याच्या पॉलिश-पेपरने गुळगुळीत करावा, त्यावरून दोन भागांचा प्लॅस्टरचा साचा घ्यावा, साचा पाण्यात भिजवावा आणि त्यात मेण ओतावे. भिजल्या प्लॅस्टरला मेण चिकटत नाही. हा मेणाचा गाभा गुळगुळीत डब्यात टांगावा आणि भोवती पारदर्शक सिलिकॉन ओतावे. फाट्यांची टोके डब्याच्या भिंतीला टेकलेली हवीत, नाहीतर मेणाला बाहेर पडायला वाट नाही. सिलिकॉन पक्के झाले की डब्यातून काढून गरम पाण्यात ठेवावे. साठ अंशांच्या आसपास मेण वितळून निघून जाते. ओतारी मेण वितळवतो तो जागेत धातू भरण्यासाठी. आपल्याला ती जागाच हवी असते.

माझी पहिली खेप वाया गेली. डब्याच्या फटी मी मुलांच्या खेळण्यातल्या मातीने बुजवल्या. त्या मातीत गंधक असावे. असल्या पारदर्शक सिलिकॉनला गंधक बाधते. चार दिवस झाले तरी कडा चिकटच! तेव्हापासून आधी चमचाभर घालून पाहतो. बुडबुड्यांसाठी उंचावरून बारीक धार धरावी. दोन भागांचे प्रमाण अंदाजाने नव्हे, काट्यावर मोजावे. हातमोजे घालावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

खर्चाचे म्हणाल, तर सर्वांत महाग सिलिकॉन. म्हणून डबा आकाराच्या मानाने आटोपशीर घ्यावा. छपाई मात्र एकदाच लागते; एका साच्यातून अनेक गाभे निघतात. प्रिंटर विकत घ्यायलाच हवा असेही नाही. 2016 पासून सुरू झालेल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळा ज्या शाळांना मिळाल्या, त्यांपैकी पुष्कळ ठिकाणी तो असतो. तिथे एकदा छापून घ्यावे आणि साचा तालुक्यात हातोहात फिरवावा.

मोठ्या माणसाची श्वासनळी नुसती लहान करून मुलाची होत नाही, हे वर्गात स्पष्ट सांगावे. आणि चार-पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा दाणा देऊ नये, ठसक्यानंतर घरघर राहिली तर दवाखाना गाठावा, घशात आंधळेपणाने बोट घालू नये, हेही त्याच तासाला. मग प्रतिकृतीत वरून ज्वारीचा दाणा मुलांनाच टाकू द्यावा. सिलिकॉनला दाणा चिकटतो, तेव्हा आतून थोडे पाणी फिरवून घ्यावे. उजवीकडे किती गेले, डावीकडे किती, याच्या रेघा फळ्यावर एका मुलाने ओढाव्यात.