घोडा धन्याचा, स्वार पळपुटा

इसवी सन 991, ऑगस्ट महिना. इंग्लंडच्या एसेक्समधलं माल्डन. खाडीतल्या बेटावर व्हायकिंग, मध्ये ओहोटीलाच उघडी पडणारी अरुंद वाट. ती अडवायला तीन इंग्रज पुरेसे होते. तरीही एसेक्सचा सरदार बिर्थनॉथ याने शत्रूला अलीकडे येऊ दिलं आणि तो स्वतःच मारला गेला. हा गर्व होता की डावपेच, यावर अभ्यासक अजून भांडतात. (कवीच्या मते गर्वच!)

पण ‘द बॅटल ऑफ माल्डन’ ही जुन्या इंग्रजीतली कविता खरी रंगते ती सरदार पडल्यानंतर. त्याचाच एक सेवक गॉड्रिक पळ काढतो, तोही धन्याच्याच घोड्यावरून! त्याच धन्याने त्याला आजवर कितीतरी घोडे दिलेले. लांबून पाहणाऱ्यांना वाटतं, सरदारच निघाला. झालं, ढालींची फळी फुटते.

मागे राहिलेले एकेक जण बोलतात आणि पुढे सरसावतात. मद्याचे प्याले रिचवताना मारलेल्या बढाया आता खऱ्या करून दाखवायच्या. धन्याने शस्त्रं, घोडे, सोनंनाणं द्यायचं आणि सेवकाने वेळ आली की जीव द्यायचा, असा हा व्यवहार. धनी पडल्यावर जिवंत घरी परतणं म्हणजे जन्माची नामुष्की. यात डनरे नावाचा साधा शेतकरीही आहे. मला सगळ्यांत आवडतो तो हाच. म्हातारा बिर्थवोल्ड तर धन्याशेजारीच मरायचं ठरवतो.

त्याच वर्षी इंग्रजांनी व्हायकिंगांना 10,000 पौंड खंडणी मोजली. कवितेचं हस्तलिखित 1731च्या आगीत जळालं. आधी केलेल्या नकलेमुळे 325 ओळी वाचल्या; सुरुवात आणि शेवट मात्र त्याआधीच हरवले होते.